उंबराला काय झालं? खानदेशातल्या झाडांच्या दुखण्यांचा इतिहास



विषयाचं नाव वाचून दारातच काही जणांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत झाडांची दुखणी कशी काय आली? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला सुरुवात केळीच्या बागेतून करू.

रावेर किंवा यावल तालुक्यातल्या कुठल्याही केळीवाल्याला बागेत उभं करा आणि एक पान दाखवा. तो लांबूनच सांगेल, हा करपा आहे. पानावर पिवळसर-हिरव्या पट्ट्या दिसल्या तर म्हणेल, हा हरण्या. शास्त्रज्ञ त्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात, थोडक्यात सीएमव्ही. तो मावा पसरवतो, बागेच्या आसपास काकडीवर्गातली पिकं नकोत, झाड उपटून पुरलंच पाहिजे, हे सगळं त्याला पाठ असतं. आता त्याच माणसाला बांधावर नेऊन शेंड्याकडून वाळत चाललेला उंबर दाखवा. आम्ही हे पुष्कळदा केलं आहे. उत्तरं तीनच येतात: "वय झालं", "उधई लागली", नाहीतर "देवाचं झाड, त्याची मर्जी." पांझरेच्या काठी एका म्हाताऱ्या आजींनी उलट आम्हालाच विचारलं, "भाऊ, झाडले काय व्हयनं?" त्या दिवशी आमच्याकडेही उत्तर नव्हतं.

एका पिकाच्या रोगाला इतके शब्द आणि बांधावरच्या झाडाच्या रोगाला एकही नाही, हे आपोआप झालेलं नाही. त्यालाही इतिहास आहे, आणि आज बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी नावाचा घोळ निस्तरू, कारण चुकीचा इलाज बहुतेक वेळा चुकीच्या नावापासून सुरू होतो. कुणी मोबाईलवर इंग्रजीत 'सायकामोर'चे रोग शोधले तर ढीगभर माहिती मिळते. थंड, ओल्या वसंतात पानं करपतात, अमुक बुरशी, तमुक फवारणी. ती माहिती खोटी नाही, पण ती दुसऱ्याच झाडाची आहे. अमेरिकेत सायकामोर म्हणतात ते काश्मीरच्या चिनाराचं भावंड. इंग्लंडमध्ये त्याच नावाचं झाड मेपलच्या कुळातलं. आणि ज्याच्यावरून हे नाव निघालं ते मूळ झाड इजिप्त-पॅलेस्टाईनकडचं, आपल्या उंबराचं सख्खं चुलत भावंड. बायबलात जक्कय नावाचा बुटका जकातदार येशूला पाहायला ज्या झाडावर चढला ते हेच. मराठी भाषांतरकारांनी तिथे सरळ 'उंबर' लिहिलं. आमच्या मते फार शहाणपणाचं काम केलं. जे झाड खोडावरच फळांचे घोस लावतं, ज्याची फळं फोडली की आत किडे निघतात, त्याला मराठी माणूस दुसरं काय म्हणणार?

त्या किड्यांपाशी जरा थांबायला हवं. उंबराच्या दुखण्यांबद्दलचा पहिला आणि सगळ्यात जुना गैरसमज तिथेच आहे.

'उंबराचं फूल' आपण कधीच न दिसणाऱ्या गोष्टीला म्हणतो. वास्तविक उंबराला फुलं येतात, शेकड्यांनी येतात, पण ती फळाच्या आत, बंद खोलीत असतात. फळाच्या टोकाला एक बारीक डोळा असतो. त्यातून गांधीलमाशीच्या कुळातली, चिलटाएवढी एक मादी आत शिरते. शिरताना तिचे पंख गळून पडतात. ती फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढची पिढी त्या फळात वाढते, त्यातल्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसरं फळ शोधतात. म्हणजे फळातले किडे ही कीड नव्हे. ते नसतील तर बी धरणार नाही आणि नवीन उंबर उगवणार नाही. आता त्याच फळात काही फुकट्या माश्याही असतात, बाहेरून सोंड खुपसून अंडी घालणाऱ्या. पण त्यांच्यामुळेही झाड मरत नाही. तरीसुद्धा "फळात किडे पडतात म्हणून फवारलं" असं सांगणारे लोक आम्हाला भेटले आहेत.

इजिप्तची गंमत अशी, की तिथल्या उंबराची खरी सोबतीण माशी तिथे नाही. बी धरत नाही, आणि फळं नीट पिकावीत म्हणून माणसं प्रत्येक कच्च्या फळाला चाकूने चीर देत. ग्रीक वनस्पतिज्ञ थिओफ्रास्टस याने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय. बायबलातला आमोस संदेष्टा स्वतःला मेंढपाळ आणि या झाडांची निगा करणारा म्हणवतो, तेही बहुधा याच कामामुळे. जखम करणं हीच तिथे निगा होती. आपल्याकडे माशी आहे, म्हणून चाकूची गरज नाही. पण चाकू मात्र आपण सोडलेला नाही. त्याकडे नंतर येऊ.

दुसरा गैरसमज पानांचा. उंबराच्या पानावर फोडांसारख्या गाठी येतात, कधी कधी सबंध पान भरून. बघणाऱ्याला वाटतं देवी आल्या. एक बारीक किडा पानाच्या आत वाढत असतो आणि पान त्याच्याभोवती घर बांधतं. दिसायला भयंकर, पण झाडाला फारसं काही होत नाही. पान गळतं, नवं येतं. फवारणी केलीच तर किडा गाठीच्या आत सुरक्षित राहतो आणि बाहेरचे त्याचे शत्रू मरतात.

तिसरा आरोपी म्हणजे उधई. खोडावर मातीचे पापुद्रे चढले की निकाल लागतो, उधईने झाड खाल्लं. इथे साधी परीक्षा करावी. माती खरवडा आणि सालीवर नखाएवढी खूण करून बघा. आतली साल ओली, हिरवट आणि चिकाळ निघाली तर उधई फक्त वरची मेलेली खपली खात होती. आत कोरडं तपकिरी निघालं, तर तो भाग आधीच मेला होता आणि उधई नंतर आली. दोन्ही बाबतीत खुनी दुसराच असतो.

मग खरी दुखणी कोणती? आहेत, तीही आहेत. भिरूड आहे. आंब्यावाल्यांना तो चांगला माहीत आहे, पण तो उंबर-वडाच्या कुळातही शिरतो. खोडाच्या भोकातून भुसा गळायला लागला की समजावं. तार घालून अळी काढायची, औषधात भिजवलेला बोळा कोंबून वरून चिखलाने भोक लिंपायचं, हा जुना इलाज आजही चालतो. बांडगूळ आहे. ते नुसतं ओरबाडून उपयोग नाही. त्याची मुळं फांदीत गेलेली असतात, म्हणून फांदी थोडी मागून कापावी लागते, आणि तीही त्याला फळं धरण्याआधी, नाहीतर पक्षी बी घेऊन पुढच्या झाडावर जातात. बुंध्यापाशी लाकडासारखी कडक, टोपीच्या आकाराची अळंबी उगवली तर मात्र सावध व्हायचं. तिचा अर्थ आत कूज आहे. लाकडी हातोडीने खोड ठोकून पाहा, पोकळ आवाज येतो. शाळेच्या आवारात किंवा एसटी थांब्यावर असं झाड असेल तर भक्ती बाजूला ठेवून जाणकाराला बोलवावं.

आता हे ज्ञान आपल्याकडे कधी होतं का, हा इतिहासाचा प्रश्न. होतं. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की माळवा, आणि माळव्यातल्या उज्जैनीचा वराहमिहिर म्हणजे खानदेशाचा शेजारीच. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्यायच आहे. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाड आजारी पडतं असं तो म्हणतो. लक्षणं सांगतो: पानं पिवळी पडतात, पालवी वाढत नाही, फांद्या वाळतात, रस गळतो. इलाज सांगतो: आधी शस्त्राने सडलेला भाग साफ करा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्या, आणि दूध घातलेलं पाणी शिंपा. पुढे हजारेक वर्षांपूर्वी सुरपाल नावाच्या पंडिताने स्वतंत्र वृक्षायुर्वेदच लिहिला. माणसासारखेच झाडाचेही वात, पित्त, कफ मानले. त्याची हस्तलिखित पोथी ऑक्सफर्डला होती. सिकंदराबादच्या एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशनने १९९६ मध्ये ती भाषांतरासह छापली, तेव्हा कुठे ती आपल्या हातात आली.

या ग्रंथांचं आम्हाला कौतुक आहे, पण आंधळं नाही. तूप आणि दूध यांनी उंबर बरा होतो असं आम्ही सांगणार नाही. वराहमिहिराचं मोठेपण लेपात नसून क्रमात आहे. त्याने किड्याचं नाव आधी घेतलं नाही, आधी ऊन, वारा, थंडी यांच्याकडे पाहिलं. म्हणजे झाड कुठे उभं आहे आणि त्याच्यावर काय गुजरलं, हे त्याने पहिल्यांदा विचारलं.

याच ग्रंथात जमिनीतलं पाणी कसं शोधायचं याचाही अध्याय आहे. उंबराच्या पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष खोल गोड्या पाण्याची शीर लागते, असं तिथे म्हटलंय. पुरुष म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची. आज यावल-रावेरकडे हा हिशेब कुणी करून बघू नये, निराशाच पदरी पडेल. तापीच्या गाळाच्या पट्ट्यातलं भूजल केळीसाठी इतकं उपसलं गेलंय, की कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या. उंबर हे पाण्याशेजारचं झाड. नाल्याच्या काठी, विहिरीच्या कठड्याला, पांझरेवरच्या फडांच्या पाटांशेजारी ते वाढलं. पाणी खाली सरकलं आणि पाट सिमेंटचे झाले, की म्हातारं झाड मुळं घेऊन खाली कुठवर जाणार? ते शेंड्याकडून वाळतं. त्यात भिरूड शिरतो, मग बुरशी, शेवटी उधई. आणि पंचनाम्यात नाव लागतं उधईचं.

इंग्रजी अमलात काय झालं ते थोडक्यात सांगतो. १८१८ नंतर खानदेश कंपनीकडे आला. मुंबई-आग्रा रस्ता धुळे, सोनगीर, शिरपूर असा सातपुड्याकडे गेला. अशा रस्त्यांच्या कडेने वड, निंब, चिंच लावली गेली, वाटसरूला सावली म्हणून. कल्पना काही नवी नव्हती, अशोकाने आपल्या शिलालेखात वाटेवर झाडं लावल्याचं आणि विहिरी खणल्याचं लिहिलंच आहे. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले. १९०५ मध्ये बिहारात पुसा इथे कृषी संशोधन संस्था निघाली. तिथल्या एडविन बटलर यांचा वनस्पतिरोगांवरचा मोठा ग्रंथ १९१८ चा. डेहराडूनला जंगलातल्या किड्यांवर काम झालं. हे सगळं मोठंच काम आहे. पण ते कोणत्या झाडांवर झालं? सागावर, देवदारावर, सालावर, म्हणजे ज्यांचं लाकूड विकलं जातं त्यांच्यावर. आणि गहू, ऊस, कापूस यांच्यावर. उंबराचं लाकूड मऊ. त्याची तुळई होत नाही आणि रेल्वेचा स्लीपरही होत नाही. म्हणून त्याच्या रोगावर कुणी डॉक्टर नेमला नाही. त्याला फक्त पुजारी मिळाला.

स्वातंत्र्यानंतरही तीच चाल पुढे चालली. महाराष्ट्राचा झाडं तोडण्यावर नियंत्रण आणणारा कायदा १९६४ चा. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, आपल्या धुळे-नंदुरबारकडचा अंजन अशी झाडं आहेत. उंबर, वड, पिंपळ नाहीत. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आला आणि २०२१ मध्ये त्यात पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणायची तरतूद झाली. पण तो नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीपुरता. हद्दीबाहेर, शिवारात, दत्ताचं झाड दत्ताच्याच भरवशावर.

आता चाकूकडे येतो. आमच्या मते खानदेशातल्या मोठ्या झाडांना मारणारं पहिलं कारण कीड नाही आणि रोगही नाही. ती आपण केलेली जखम आहे. आणि ती ओळखायला अवघड, कारण जखम आणि मरण यांच्यात वर्षं जातात.

एका गावातलं सांगतो, गावाचं नाव कशाला. देवळापुढचा जुना उंबर वाळला. मंडळी आम्हाला म्हणाली, यंदाच काहीतरी रोग आला, औषध सांगा. आम्ही औषधाचं बोललोच नाही. विचारलं, गेल्या सात-आठ वर्षांत इथे काय काय झालं? आधी कुणालाच आठवेना. मग एक जण म्हणाला, पार बांधला. किती उंच? कमरेएवढा. आत काय भरलं? मुरूम, वर फरशी. दुसऱ्याला आठवलं, पाण्याच्या पाइपासाठी रस्त्याच्या बाजूने चर खणला होता. तिसरा म्हणाला, दरवर्षी होळी याच कोपऱ्यात पेटते. चौथ्याने खोडाच्या मागे नेऊन दाखवलं, औषधाला म्हणून लोक साल काढून नेतात. हातभर रुंद पट्टा सोलून झालेला होता.

झाडाच्या अन्नाची वाट सालीच्या आतल्या पातळ थरातून जाते. साल गोल सोलली तर मुळांना अन्न पोचत नाही आणि झाड हळूहळू उपाशी मरतं. जंगल साफ करायला माणसाने ही युक्ती जगभर वापरली आहे. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, कारण त्यांना हवा लागते. त्यांच्यावर कमरेएवढा मुरूम टाकून फरशी घातली म्हणजे नाक-तोंड बांधलं. चर खणला म्हणजे एका बाजूची मुळं गेली. झाडाकडे साठा असतो, त्यावर ते तीन-चार वर्षं काढतं. मग एखादा कडक मे महिना येतो आणि ते कोसळतं. लोक मे महिन्याला दोष देतात.

हे धुळ्यात बोलताना आम्हाला राजवाड्यांची आठवण येते. त्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा केली, आणि त्यांच्या मागे ती इथल्या राजवाडे संशोधन मंडळात जपली गेली. झाडाचं दुखणं शोधायचं म्हणजे तेच काम, फक्त दप्तर खोडात असतं आणि साक्षीदार पारावर बसलेले असतात. इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा विषय का, असं ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी हे सांगितलं.

लेपाचं राहिलं. जखमेवर गेरू, चुना, डांबर, रंग काहीतरी फासल्याशिवाय आपलं मन मानत नाही. १८८५ च्या सुमारास फ्रान्सच्या द्राक्षबागांत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण निघालं. मोसंबीच्या डिंक्या रोगावर आपले शेतकरी त्याची पेस्ट लावतात, आणि तिथे तिचा उपयोग आहे. पण अमेरिकेत अॅलेक्स शायगो नावाच्या संशोधकाने हजारो झाडं करवतीने उभी चिरून पाहिली. १९७० च्या दशकात त्यांनी दाखवलं, की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि पुढचं लाकूड नव्याने बांधतं. डांबर फासून त्या भिंतीला मदत होत नाही, उलट कधी ओल आत कोंडते. मदत होते ती काप कुठे दिला त्याने. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. ते राखून, त्याच्या बाहेर, स्वच्छ करवतीने, कोरड्या दिवसांत कापायचं. तारांना लागतात म्हणून कुऱ्हाडीने अर्धवट तोडलेल्या आणि साल फाटून लोंबणाऱ्या फांद्या तुम्ही रोज पाहता. त्यांच्यापुढे कुठलाच लेप चालत नाही. वराहमिहिराने शस्त्र आधी आणि लेप नंतर का सांगितला, हे इथे कळतं.

त्या देवळापुढच्या उंबराचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. पोरांनी फरशी फोडली, खोडाभोवतीचा मुरूम काढला, होळी मैदानात नेली. उन्हाळ्यात पाणी बुंध्याशी न ओतता सावलीच्या कडेला द्यायला लागले, कारण पिणारी मुळं तिकडे असतात. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवती एक मीटर सिमेंट नको असा आदेश दिला होता. इथे आदेशाची वाट कुणी पाहिली नाही, याचं आम्हाला बरं वाटलं. अर्धं झाड गेलं. अर्ध्यावर पालवी आहे.

शेवटचा मुद्दा महामार्गाचा, कारण त्यावर प्रश्न येणारच. जुना सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा रस्ता चौपदरी होताना धुळे-जळगाव पट्ट्यातली जुनी सावली गेली. अशा कामात काही ठिकाणी मोठी झाडं उपटून दुसरीकडे लावतात आणि दोन महिन्यांत फुटवा आला की फोटो काढून झाड जगल्याचं जाहीर करतात. उंबर-वडाच्या बाबतीत या फुटव्यावर विश्वास ठेवू नका. या झाडांची तोडलेली फांदीसुद्धा ओल्या मातीत पडली तर फुटते. खोडात साठलेल्या अन्नावर पालवी येते, मुळं धरलीत की नाही ते तिच्यावरून कळत नाही. फोटो काढणाऱ्याला एवढंच सांगा, की दोन उन्हाळे जाऊ द्या आणि दुसऱ्या मे महिन्यात त्याच झाडाचा पुन्हा एक काढा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.